सेमल टोलीतला गारवा

२८ एप्रिल

नागपूरला पोचले. स्टेशनबाहेर आले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन आमच्या चिपळूणच्या भर दुपारचं होतं. मला चक्क हसू आलं. पण घाम नाही! आमच्याकडे एप्रिलात नुसतं बसलं तरी पाठ भिजते, इथे घाम दिसायच्या आत वाळतो. रिक्षावाल्यानं मला आधी ओढणी डोक्याला आणि कानांना गुंडाळायला लावली, मगच रिक्षा हलवली.

खोली कोराडी रोडला, एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून बांधलेल्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर आहे. घरमालकीण यमुताई खाली एकट्या राहतात. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी पन्हं दिलं आणि मग कूलरची शिकवणी घेतली. कपाटाएवढा लोखंडी कूलर खिडकीत बसवलाय. पाणी कुठपर्यंत भरायचं, पंप आधी की पंखा आधी, हे सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. चालू केल्यावर खोलीभर ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास पसरला. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. इतकं बरं वाटलं.

काम दोन महिन्यांचं आहे. लेआऊटच्या मागे सेमल टोली म्हणून दोनशे घरांची वस्ती आहे. बहुतेक घरांना टिनाचं छप्पर. कुठल्या घरात किती तापतं, म्हातारं माणूस कोण, एकटं कोण, पाणी कुठून येतं, हे सगळं पाहून उन्हाळ्याचा धोका कुणाला जास्त ते ठरवायचं. त्यावरून शहराच्या आराखड्यात ठरणार की थंडाव्याची केंद्रं, पांढरी छपरं, पाण्याच्या टाक्या कुठल्या वस्त्यांना आधी द्यायच्या. धोक्याच्या नकाशात लाल रंग लागला तर मिळेल, पिवळा लागला तर पुढच्या वर्षी बघू.

मला हे काम हवंच होतं. २०२१ च्या पुरात आमच्या शेजारच्या मंदाकाकू तळमजल्यावर बुडाल्या. त्या तिथे एकट्या झोपतात हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. पूर येण्याआधी ते कागदावर लिहून घ्यायला मात्र कुणी आलं नव्हतं.

२ मे

टोली पाहिली. सोबत कामिनी होती. ती इथली आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन लोकांच्या तब्येती बघणारी. वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत, चालणं असं की मला मागे पळावं लागतं. टोलीत तिला दार वाजवावं लागत नाही, आवाज दिला की माणसं बाहेर येतात.

चाळीस घरांत आम्ही तापमान नोंदवणारी यंत्रं बसवली. काडेपेटीएवढी आहेत, दर दहा मिनिटांनी आपोआप नोंद घेतात. टोलीनं लगेच त्यांचं नाव ठेवलं: डबी.

सतरा नंबरच्या घरात पंचफुलाबाई राहतात. अठ्ठावन्न वर्षांच्या, एकट्या, कुरड्या आणि पापड करून देतात. त्यांनी डबी देवांच्या फळीवर ठेवायला लावली. म्हणाल्या, "देवालेही समजू दे ना वं, मी कशात राहून राहिली ते!" आणि मला ओल्या कुरडईचा चीक खाऊ घातला. एवढ्या उकाड्यात चुलीसमोर बसून ही बाई हसते कशी, कळत नाही.

फक्त एका माणसानं डबी नाकारली. शेवटच्या घरातले रुपराव. पूर्वी वीजकेंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यावर मजुरी करायचे. ते घरात नव्हतेच, बाहेर कडुनिंबाखाली खाटेवर बसले होते. मी म्हटलं, दुपारी आत बसत जा, बाहेर चव्वेचाळीस आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि नको म्हणाले. कामिनीनं मला पुढे ओढलं.

६ मे

पहिल्या नोंदी उतरवल्या. बाहेर चव्वेचाळीस असताना टिनाखाली सेहेचाळीस, सत्तेचाळीस. तळव्याला चपलेतून चटका बसतो म्हणतात ते खरं आहे.

एक चूक सापडली. सतरा नंबर, ४ मे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी सेहेचाळीसवरून एकदम एकवीस, अर्धा तास तसंच, मग पुन्हा सेहेचाळीस. डबी बिघडली असणार. बदलून आले.

पंचफुलाबाईंना विचारलं, डबीवर पाणी सांडलं का? म्हणाल्या नाही, पण त्या दुपारी फार छान गारवा आला होता. कुठून ते माहीत नाही. कुणाच्या तरी कूलरच्या खसचा वासही होता. डोळा लागतच होता, तेवढ्यात कळमेश्वरहून बहिणीचा फोन आला आणि झोपमोड झाली. याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

परत येताना मी ती ओळ शेवटपर्यंत चालून पाहिली. कुणाकडेच कूलर नाही.

९ मे

आणखी दोन घरं. नऊ नंबर काल, बावीस नंबर परवा. वेळ तीच, अडीच ते साडेतीनच्या मधली. वेगवेगळ्या डब्या, त्यातली एक अगदी नवी. वीस अंश. मे महिन्यात, टिनाखाली, दुपारी!

दोन्ही घरं त्या वेळी रिकामी होती, माणसं कामावर होती.

कामिनीला आकडे दाखवले. नऊ नंबरच्या घरात जाऊन तिनं भिंतीवर हात फिरवला आणि तो हात साडीला पुसला. भिंत कोरडी होती.

१२ मे

पंचफुलाबाई गेल्या.

चार वाजता कामिनीचा फोन आला. दार आतून बंद होतं, शेजाऱ्यांनी कडी तोडली. त्या जमिनीवर कुशीला झोपल्या होत्या, हात गालाखाली. अंगावर चादर ओढून घेतलेली. सत्तेचाळीस अंशांत चादर. चेहरा शांत होता, लहान मूल झोपतं तसा.

मी त्यांच्या मनगटाला हात लावला आणि मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं. दोन बायकांना तांब्यानं पाणी ओतताना मी पाहिलं, ते कातडीवरून वाफ होऊन जात होतं. खोटं लिहीत नाही.

डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू.

देवांच्या फळीवरची डबी मी खिशात घालून आणली. आत्ता उतरवली. दोन वीस: सत्तेचाळीस. दोन तीस: सव्वीस. दोन चाळीस: एकोणीस. मग अठरा, अठरा, अठरा, अठरा. तीन तीस: सत्तेचाळीस.

आज जेवले नाही. यमुताईंनी ताट वर आणून ठेवलं.

१४ मे

आज कामिनीनं मनातलं सांगितलं. आम्ही रुपरावांच्या कडुनिंबाखाली बसलो होतो.

पंचफुलाबाई धरून अकरा. तीन उन्हाळ्यांत अकरा माणसं, सगळी एकटी, सगळी दुपारची, दार आतून लावलेलं. सगळ्यांनी काहीतरी पांघरलेलं. तिनं दर वेळी वर कळवलं. दर वेळी उत्तर आलं की लू लागलेला माणूस तडफडतो, उलट्या करतो, असा निवांत झोपत नाही. म्हणून उन्हाचा बळी म्हणून एकाचीही नोंद नाही.

मग रुपराव बोलले. त्या अकरांत पहिली त्यांची बायको, जिजाबाई. ते स्वतः त्या खोलीत होते. दोघं जेवून आडवे झाले होते. गारवा आला, खसचा वास आला, आणि रुपरावांना त्यांच्या आईचा आवाज ऐकू आला. झोप म्हणत होता. आई जाऊन तीस वर्षं झाली होती, म्हणून ते घाबरून उठले आणि उन्हात पळाले. दारातून बायकोला हाका मारल्या. ती म्हणाली, "पाच मिनटं थांबा ना हो, किती दिवसानं बरं वाटून राहिलं." ते परत आत जायला निघाले तर दार लागलं. ते आतून कुणी लावलं, ते त्यांना आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून हा माणूस मे महिन्यात दुपारी छपराखाली बसलेला नाही. मी त्यांना सांगत होते आत बसा म्हणून.

निघताना ते एवढंच म्हणाले, "पोरी, उनाले मी नाई भेत. ऊन सांगून येते. हे सांगून येत नाही."

१६ मे

ऑफिसला गेले. आमच्या कामाचे प्रमुख दुर्गेश सर, त्यांना सगळे आकडे दाखवले. सर वाईट माणूस नाहीत. पंधरा वर्षं हेच काम करतायत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाले की मे महिन्यात अठरा अंश कुणी मानणार नाही. एक तर त्या नोंदी चुकीच्या म्हणून ती घरं वगळायची, नाही तर सरासरीत धरायच्या.

दोन्ही करून पाहिलं. घरं वगळली तर सगळ्यात वाईट ओळच नकाशातून जाते. सरासरीत धरली तर टोली थंड दिसते. दोन्हीकडून रंग पिवळाच येतो.

मला तेव्हा कळलं. ते जे काही आहे ते माणसं नेतं आणि मागे असा आकडा ठेवतं की कुणी मदतीला येऊ नये.

मी सरांना सांगितलं की मी पिवळा रंग लावणार नाही. ते म्हणाले अहवालात भूत लिहिता येत नाही. मी म्हटलं भूत लिहीतच नाहीये, अकरा नावं लिहितेय. आवाज चढला माझा. बाहेरच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बघू देत. आराखड्याची बैठक अठ्ठावीसला आहे. तोवर त्यांनी विचार करतो म्हटलंय.

१९ मे

आजचं आजच लिहिणार.

आज दोन वाजता मी पंचफुलाबाईंच्या रिकाम्या घरात जाऊन बसले. कामिनीला सांगून. तिनं विरोध केला, मग म्हणाली तीन वाजता दार ठोकीन, नवी बसवलेली कडी लावू नको. मला स्वतःला बघायचं होतं. दुसऱ्यांच्या मरणाबद्दल ऐकीव लिहायचं नव्हतं.

भिंतीला टेकून बसले. छप्पर कडकड वाजत होतं, टिन तापलं की वाजतं तसं. तोंड कोरडं. हातात पाण्याची बाटली. घड्याळात दोन पस्तीस.

टिन वाजायचं थांबलं.

आधी पायाच्या बोटांना गार लागलं. मग घोट्यांना. पाणी चढतं तसं ते चढत होतं, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. खसचा वास आला. मला माहीत होतं की उठायला हवं, पण मला रडू येत होतं, इतकं बरं वाटत होतं. हेच भयंकर आहे. त्यात दुखणं नाही.

मग अगदी कानाशी मंदाकाकू बोलल्या. त्यांचाच आवाज, पान खाल्ल्यासारखा जड. "अशू, पाणी ओसरलं गो. नीज आता."

मला वाटलं एक-दोन मिनिटं गेली. कामिनी सांगते, ती तीनपासून दार ठोकत होती आणि साडेतीनला ते उघडलं. कडी आतून लागली होती. मी लावलेली नाही. मी आडवी होते आणि अंगावर पंचफुलाबाईंची चादर होती. ती चादर त्यांच्याबरोबर गेली होती, कामिनीनं स्वतः गुंडाळली होती.

माझा ताप चाळीसच्या वर होता. तिनं मला बर्फाच्या पाण्यात बसवलं, टोलीतल्या सहा बायका पंखे घेऊन भोवती बसल्या. त्यांच्यातली एकही आत यायला घाबरली नाही.

२२ मे

तीन दिवस पडून होते. बाबांचा फोन, परत ये. यमुताई म्हणाल्या, "काहून जीव देऊन राहिली वं? तुह्या गावचं हाय का कोणी थ्या टोलीत?" मी म्हटलं आता आहेत.

पडल्या पडल्या विचार केला. ते एकट्या माणसाकडे येतं, छपराखाली, आडव्या झालेल्या माणसाकडे. तर मग एक ते चार कुणी एकटं राहायचं नाही, कुणी आडवं व्हायचं नाही. सगळ्यांनी एका जागी.

टोलीच्या तोंडाशी बंद पडलेली शाळा आहे. जाड भिंती, कौलं, दोन मोठ्या खोल्या, पुढे लिंबाची सावली. चार वर्षं कुलूप. चावी कुणाकडे, हे फोनवरून तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी चौथं ठिकाण सांगितलं.

आज संध्याकाळी पाच वाजता रुपरावांनी सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि एका घावात कुलूप पाडलं. वीसेक माणसं बघत होती. कुणीतरी म्हटलं पोलीस येतील. कामिनी म्हणाली, "येऊ दे गा! त्याईलेही बसवू पंख्याखाली."

सगळे हसले. टोलीत मी पहिल्यांदा एवढं हसू ऐकलं.

२५ मे

नवतपा लागला. पुढचे नऊ दिवस सगळ्यात वाईट असतात म्हणतात. बाहेर सेहेचाळीस.

शाळेत आज त्रेपन्न माणसं. खिडक्यांना ओली पोती, कोपऱ्यात माठ. बायका शेवया वळत होत्या, म्हातारे पत्ते खेळत होते. ज्याची मान लवली त्याला शेजारचा चिमटा काढणार, असा नियम. रुपराव जिजाबाई गेल्यापासून पहिल्यांदा दुपारी छपराखाली बसले, दाराशी, सब्बल मांडीवर घेऊन.

संध्याकाळी डब्या उतरवल्या. दोन तीस: तीन नंबर, एकोणीस अंश. दोन चाळीस: नऊ नंबर. दोन पन्नास: सतरा. तीन: बावीस. घरामागून घर. सगळी रिकामी.

ते आम्हाला शोधत होतं.

२६ मे

आज शाळेपर्यंत आलं.

तीन वाजता व्हरांड्यातून खसचा वास. खिडक्यांची पोती हलली, वारा नव्हता. पत्ते खेळणारे एकदम थांबले. त्र्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी डोळे मिटून कुणाला तरी हो म्हटलं. आलोच म्हटलं. कामिनीनं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि परात बडवायला लागली. मग ती ओरडली, आपापली नावं घ्या! मोठ्यानं! आपलं नाव घेत राहिलं की दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही.

त्रेपन्न माणसं आपापलं नाव ओरडत होती. मीही, अश्लेषा, अश्लेषा. घसा फाटेपर्यंत. वीस मिनिटं.

ते गेलं. एकही माणूस गेलं नाही. एकही!

पण जाताना ते लेआऊटच्या बाजूला गेलं. व्हरांड्यातली पोती त्या दिशेनं एकामागून एक पडत गेली.

२७ मे

यमुताई —

नीट लिहिते. दुपारी अडीचला लेआऊटची वीज गेली. मी शाळेतून धावत आले. त्यांना रोज बोलावलं होतं, पण लेआऊटची माणसं टोलीत बसायला जात नाहीत. यमुताई मला तसं कधीच थेट म्हणाल्या नाहीत, पण कारण तेच होतं.

खालचं दार बंद. कूलर बंद, तरी फटीतून खसचा वास आणि पायांवर गार. हाका मारल्या. आतून यमुताईंचा आवाज आला, अगदी लाडात, येते म्हणून. पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

मागच्या खिडकीची जाळी फाडून आत गेले. त्या पलंगावर, गोधडी गळ्यापर्यंत. कडाक्याची थंडी होती आत. माझ्या श्वासाची वाफ दिसली. मे महिन्यात, नागपुरात! मी त्यांना काखेत धरून ओढलं. कुणीतरी त्यांचे पाय धरून ठेवले होते. मी मागे पाहिलं नाही. ओढत राहिले, ओरडत राहिले, माझं नाव, त्यांचं नाव, घाणेरड्या शिव्यासुद्धा. एकदम सुटलं आणि आम्ही दोघी अंगणात उन्हात पडलो.

सेहेचाळीस अंशांचं ऊन. मला ते आईसारखं वाटलं.

त्यांच्या घोट्यांवर बोटांचे पांढरे वळ आहेत. भाजल्यासारखे.

२८ मे

बैठक झाली. मला जाता आलं नाही, ताप होता. सकाळीच अहवाल पाठवला होता. लाल रंग आणि त्याखाली कारण म्हणून अकरा नावं, वय, तारीख, वेळ. थंड नोंदीही ठेवल्या, जशा आल्या तशा. खोडलं काही नाही.

सहा वाजता दुर्गेश सरांचा फोन. त्यांनी नकाशा बाजूला ठेवून आधी ती अकरा नावं वाचली. सेमल टोली पहिल्या यादीत. शाळा दुपारी उघडी ठेवायची परवानगी. उद्या ते स्वतः येणार आहेत म्हणाले.

कामिनीला सांगितलं. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग उठून परात घासायला घेतली.

मंदाकाकू, ऐकताय ना. या वेळी लिहून घेतलं.

२९ मे

सत्तेचाळीस. शाळेत साठ माणसं. यमुताईही. येताना पायरीशी थांबल्या, मग चप्पल काढून आत आल्या आणि कळमेश्वरहून येऊन राहिलेल्या पंचफुलाबाईंच्या बहिणीशेजारी बसल्या. सर आले होते, चारपर्यंत बसले. परत जाताना आपलं नाव पुटपुटत होते.

ते आलं नाही आज. कुठल्याच डबीत नाही. एकाही घरात नाही.

कुठे असेल —

३० मे

दुपारी शाळेत बसूनच लिहितेय. जागं राहायला.

दोन वीस. वीज नाही. सगळे जागे.

दोन पस्तीस. कौलं वाजायची थांबली. दारं आम्ही आतून लावली होती, दोन्ही. खसचा वास बाहेरून येत नाहीये.

दोन चाळीस. कामिनीनं हजेरी घेतली. नावं बासष्ट. मी डोकी मोजली. त्रेसष्ट.

पुन्हा मोजली. त्रेसष्ट.

भिंतीकडच्या रांगेत, यमुताईंच्या मागे. बाई. पदर डोक्यावरून पुढे. गुडघे जवळ. तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे डोळे मिटायला लागलेत. मगाशी ती तिथे होती का, कुणाला आठवत नाही.

रुपराव तिच्याकडे बघतायत. डोळ्यांतून धार. ओठ हलतायत, जिजा, जिजा. उठले —

नाही. थांबले. सब्बल घट्ट धरली. म्हणतायत, "हे माही जिजा नोहे. माही जिजा कोनाले झोप म्हनत नव्हती, हे मले ठाव हाय. उठ तिथून!"

यमुताई उठल्या. मागे वळून तिच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. भेत नाई म्हणतायत. सगळी खोली उभी राहतेय. एकेक करून. बासष्ट. नावं सुरू झाली. कामिनीची परात.

शाई गोठतेय. पेन्सिल घेतली.

आम्ही तिघं पुढे आलोय. रुपराव, कामिनी, मी. वही हातात. तिच्या पदरावर दव आहे.

मी विचारलं, नाव काय तुझं.

पुन्हा विचारलं. मोठ्यानं.

पदर हलला. तोंड उघडलं. माझ्याच आवाजात सांगतेय — अश्लेषा —

नाही. ते माझं आहे. ते मी तुला देणार ना —